एक खुर्ची, दोन धनी

ठाणेकरांना १८५३ हे साल आठवते ते आगगाडीमुळे. त्या वर्षीच्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून सुटलेली चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन ठाण्यास आली, आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. त्याच १८५३ मध्ये सांगलीकर विष्णुदास भावे यांची नाटकमंडळी मुंबईत येऊन ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग करू लागली, ही गोष्ट मात्र येथल्या नाटकवेड्यांनाही सहसा स्मरत नाही. आगगाडी आणि रंगभूमी यांचा हा समकाल केवळ योगायोगाचा असेल. परंतु दोघींचा व्यवहार बारकाईने पाहू गेल्यास असे दिसते की दोघीही जी वस्तू विकतात ती एकाच जातीची आहे. विवक्षित वेळी विवक्षित जागी बसण्याचा हक्क, हीच ती वस्तू. हा हक्क कोठारात साठविता येत नाही, वेळ टळून गेल्यावर त्याची कवडीही किंमत उरत नाही, आणि तो एकाच वेळी दोघांना देता येत नाही. धान्याच्या व्यापाऱ्याने एकच पोते अनवधानाने दोघांना विकले, तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दुसरे पोते देऊन तो मोकळा होतो. नाट्यगृहातील पाचव्या रांगेची बारावी खुर्ची दोघांना विकली गेली, तर तिसरी घंटा झाल्यावर तिच्यापाशी उभ्या राहिलेल्या दोन कुटुंबांपैकी एकावर अन्याय झाल्यावाचून राहात नाही.

आज ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही शहरे या हक्काची मोठी बाजारपेठ झाली आहेत. मासुंदा तलावाच्या काठी १९७८ सालापासून उभे असलेले राम गणेश गडकरी रंगायतन, त्याच शहरातील डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर ही चारही सभागृहे महापालिकांच्या मालकीची आहेत. तेथील शनिवार-रविवारचे नाट्यप्रयोग, शास्त्रीय संगीताच्या मैफली, मैदानांवरचे नवरात्रातील गरबे, आणि नरक चतुर्दशीला डोंबिवलीच्या फडके रोडवर तरुणाईचा लोट उसळलेला असताना सभागृहांतून चालणाऱ्या दिवाळी पहाटेच्या मैफली, या साऱ्यांची तिकिटे आता मोठ्या प्रमाणावर मोबाइलच्या पडद्यावर घेतली जातात. जो चाकरमानी सकाळच्या गाडीने मुंबई गाठतो आणि रात्री दमून परततो, त्याला नाट्यगृहाच्या खिडकीच्या वेळा पाळता येणे कधीच शक्य नव्हते. शेजाऱ्याला गळ घालावी, किंवा निवृत्त वडिलांना रिक्षाने पाठवावे, एवढेच उपाय त्याच्या हाती होते. त्याला घरबसल्या, किंवा गाडीत उभ्याउभ्या, आपली खुर्ची आपण निवडता येऊ लागली, ही त्याच्या सांस्कृतिक जीवनातील लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच या सोयीवरचा लोकांचा विश्वास ढळू नये अशी मला मनापासून तळमळ वाटते, आणि तो कशाने ढळतो व कशाने टिकतो हे समजून घेण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

खिडकीच्या काळात विक्रीची नोंद डोळ्यांना दिसत असे. आसनांचा छापील आराखडा, ज्याला नाट्यव्यवसायात सगळे ‘प्लॅन’ म्हणतात, बुकिंग क्लार्कपुढे पसरलेला असे. प्रेक्षक एखाद्या चौकटीवर बोट ठेवी, तिच्यावर पेन्सिलीची खूण पडे, आणि पुस्तकातून फाडलेले तिकीट त्याच्या हाती येई. खूण झालेली चौकट पुन्हा विकली जाणे अशक्य नव्हते, परंतु त्यासाठी माणसाची लबाडी अथवा बेसावधपणा लागे. प्लॅन एक, पेन्सिल एक आणि ती चालविणारा हातही एक, हीच त्या पद्धतीची सारी सुरक्षितता होती. तिच्या जोडीला असे ते तिकिटांवरील अनुक्रमांकांचे शास्त्र. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थॉमस एडमन्सन या इंग्रज रेल्वे-कर्मचाऱ्याने अनुक्रमांक छापलेली पुठ्ठ्याची तिकिटे प्रचारात आणली, आणि ती पुढे अनेक देशांच्या रेल्वेंनी, आपल्या रेल्वेनेही, संगणक येईपर्यंत चालविली. त्यांचा हेतू मुख्यतः हिशेबाचा होता. तिकिटे क्रमवारीनेच विकली जात असल्यामुळे दिवसाच्या आरंभीचा आणि अखेरचा क्रमांक पाहिला की किती तिकिटे गेली हे बिनचूक कळे, आणि तेवढी रक्कम गल्ल्यात नसेल तर कारकुनाला त्याचा जाब द्यावा लागे. आपल्याकडे १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्याने सरकारही या हिशेबाचे भागीदार झाले, तेव्हा तिकीट हे मनोरंजनाइतकाच महसुलाचाही दस्तऐवज बनले.

ऑनलाइन विक्रीत प्लॅन एकच राहतो, परंतु पेन्सिली असंख्य होतात. डोंबिवलीहून निघालेल्या लोकलमध्ये दाराशी उभा असलेला तरुण, वागळे इस्टेटमधील कार्यालयात जेवणाच्या सुटीत मोबाइल उघडून बसलेली लेखापाल, आणि कल्याणला राहणाऱ्या आईवडिलांसाठी परदेशातून तिकिटे काढणारी त्यांची लेक, या तिघांचीही बोटे एकाच क्षणी एकाच चौकटीवर पडू शकतात. संगणकाचा कार्यक्रम सरळसोटपणे लिहिला असेल, तर तो आधी नोंदवहीत खुर्ची मोकळी आहे काय हे वाचतो आणि मग ती विकली गेल्याचे लिहितो. वाचणे आणि लिहिणे यांच्यामधील तो निमिषमात्र अवकाश हेच दुबार विक्रीचे मूळ आहे, कारण त्या अवकाशात दुसऱ्याचे वाचन घडले तर त्यालाही खुर्ची मोकळीच दिसते, आणि दोघांनाही तिकीट मिळते. येथे कोणीही लबाडी केलेली नसते, तरीही परिणाम लबाडीसारखाच होतो.

यावरचा उपाय संगणकशास्त्राला अनेक दशकांपासून ठाऊक आहे, आणि तो तत्त्वतः सोपा आहे. वाचणे व लिहिणे ही दोन कृत्ये न ठेवता ते एकच अविभाज्य कृत्य करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खुद्द नोंदवहीलाच असा नियम घालून द्यावा की अमुक प्रयोग आणि अमुक आसन ही जोडी तिच्यात एकापेक्षा अधिक वेळा येऊच शकणार नाही. मग वरचा कार्यक्रम कितीही गबाळा असला तरी दुसरी नोंद वहीच नाकारते. ग्राहकाने खुर्ची निवडल्यापासून पैसे भरेपर्यंत काही मिनिटांचा तात्पुरता ताबा त्याला द्यावा, त्या अवधीत ती इतरांना करड्या रंगाची दिसावी, आणि मुदत संपताच ती आपोआप मोकळी व्हावी, ही या व्यवस्थेची दुसरी बाजू. बुक माय शोसारखी मोठी संस्था किंवा अभिनेते प्रशांत दामले यांनी मराठी नाटकांसाठी पुढे आणलेले ‘तिकिटालय’सारखे अ‍ॅप वापरताना पडद्यावर मिनिटे उलटी मोजणारे घड्याळ दिसते, ते याच ताब्याचे असते. कित्येक प्रेक्षकांना ते घड्याळ घाईस लावणारे आणि उद्धट वाटते. वस्तुतः ते दुसऱ्या प्रेक्षकाच्या हक्काचे रक्षण करीत असते.

परंतु दुबार विक्रीची खरी जोखीम मोठ्या संस्थांच्या यंत्रात नसून, माझ्या मते, लहान संयोजकांच्या कागदोपत्री कारभारात आहे. एखाद्या मंडळाने आपल्या मैफलीच्या काही रांगा अ‍ॅपवर दिल्या, काही खिडकीवर ठेवल्या, काही सभासदांनी हातोहात विकावयास घेतल्या, आणि उरलेल्या फोनवरून ‘नावावर ठेवून’ टाकल्या, म्हणजे एकाच प्लॅनच्या चार प्रती चार घरांत नांदू लागतात, आणि संध्याकाळी फोनाफोनी करून त्यांचा मेळ घातला जातो. मेळ घालणाऱ्याची निष्ठा वादातीत असते; दिवसभराची नोकरी सांभाळून, पदरमोड करून, केवळ संगीताच्या किंवा नाटकाच्या प्रेमापोटी तो हे काम करीत असतो. तथापि एका खुर्चीच्या दोन नोंदी दोन वह्यांत होणे या रचनेत अपरिहार्य आहे. सर्व वाटांची विक्री एकाच वहीत, त्याच क्षणी उतरली पाहिजे. रोखीने घेतलेले तिकीटसुद्धा विकणाऱ्याने आपल्या मोबाइलवरून त्याच वहीत नोंदवूनच द्यावे. आणि हे जमणार नसेल तर रांगांची वाटणी कार्यक्रम संपेपर्यंत अभेद्य ठेवावी, एका वाट्यातील खुर्ची दुसऱ्याला उसनी देऊ नये.

पैशाच्या वाटेवरही एक अवघड वळण आहे. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने लहान संयोजकाला बँकेच्या दारी खेटे न घालता पैसे स्वीकारण्याची सोय करून दिली. मात्र ग्राहकाच्या खात्यातून रक्कम निघाली, पण ती पोहोचल्याची पुष्टी विक्रेत्याच्या संगणकाला मिळाली नाही, आणि दरम्यान ताब्याची मिनिटे संपून खुर्ची दुसऱ्याला गेली, असेही घडते. घाबरलेला ग्राहक पुन्हा बटण दाबतो, आणि मग एका खुर्चीसाठी त्याचे पैसे दोनदा जातात. सुजाण व्यवस्था प्रत्येक खरेदीला आरंभीच एक स्वतंत्र क्रमांक देते, त्यामुळे तेच बटण दहा वेळा दाबले तरी खरेदी एकच धरली जाते, आणि पुष्टी आली नाही तर ती स्वतः होऊन बँकेकडे व्यवहाराच्या अंतिम स्थितीची विचारणा करते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यापाऱ्याला यूपीआयने दिलेल्या अशा अडकलेल्या रकमा व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत झाल्या पाहिजेत, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी ग्राहकाला १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे. हा हक्क फार थोड्यांना माहीत आहे. तो माहीत नसल्यामुळेच अडकलेल्या पैशासाठी कासावीस झालेला माणूस इंटरनेटवर ग्राहकसेवेचा क्रमांक शोधू लागतो, आणि तेथे तोतया ग्राहकसेवक दबा धरून बसलेले असतात.

आता त्या काळ्यापांढऱ्या चौकोनाविषयी. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो वेव्ह या संस्थेत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून निर्माण केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन यंत्राला दिशा दाखवितात, आणि थोडा भाग मळला वा फाटला तरी उरलेल्या भागावरून मजकूर वाचता येईल अशी तरतूद त्यात असते. एवढे सारे असूनही तो केवळ एक मजकूर आहे. त्याच्या अंगी कोणतीही सुरक्षितता जन्मजात नाही, आणि त्याचे छायाचित्र हा मूळ कोडइतकाच कोड असतो. त्यात कोणता मजकूर घालावा, हाच खरा प्रश्न आहे. कोणी त्यात १०४१, १०४२, १०४३ असे ओळीने क्रमांक घातले, तर एक तिकीट विकत घेणाऱ्या कोणालाही पुढची दहा तिकिटे घरी बनविता येतील. म्हणजे एडमन्सनच्या पद्धतीत जो अनुक्रम प्रामाणिकपणाचा पहारेकरी होता, तोच येथे चोराचा वाटाड्या ठरतो. म्हणून क्रमांक लांबलचक आणि यादृच्छिक असावा, कोणालाही तर्काने गाठता येऊ नये. अथवा तिकिटाच्या मजकुरावर संयोजकाच्या गुप्त किल्लीने अंकीय शिक्कामोर्तब केलेले असावे, जेणेकरून त्यातील एक अक्षर बदलले तरी शिक्का जुळणार नाही.

तरीही यांपैकी कोणताही उपाय हुबेहूब नकलेला थांबवू शकत नाही. शिक्का नवीन खोटे तिकीट घडविण्यास प्रतिबंध करतो. खऱ्या तिकिटाची प्रत काढून ती पाच मित्रांना पाठविण्यास करीत नाही. त्यासाठी परदेशात काही विक्रेत्यांनी दर काही सेकंदांनी बदलणारे कोड आणले आहेत. ते उपयुक्त आहेत, परंतु ज्या नाट्यगृहात निम्मा प्रेक्षकवर्ग साठीच्या पुढचा आहे, जेथे मुलाने काढलेले तिकीट आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेले असते आणि आई त्याची छापील प्रत पर्समधून घडी उलगडून दाखविते, तेथे असला उपाय प्रेक्षकालाच दाराबाहेर ठेवील. आपल्याकडे नकलेचा बंदोबस्त एकाच ठिकाणी होऊ शकतो, तो म्हणजे दारावर. पहिल्यांदा वाचलेला कोड ‘प्रवेश झाला’ म्हणून वहीत नोंदला जावा, आणि तोच कोड पुन्हा आला तर डोअरकीपरच्या पडद्यावर लाल खूण यावी, पहिला प्रवेश किती वाजता व कोणत्या दाराने झाला हेही दिसावे. तिकिटाचा खरेपणा कागदात नसतो, चित्रात नसतो, होलोग्राममध्ये तर मुळीच नसतो. तो त्या एका वहीतील एका ओळीत असतो, आणि दारावरचा माणूस ती ओळ पाहतो की नाही यावर सर्व काही अवलंबून आहे.

हे विधान मी पुस्तकी आधाराने करीत नाही, आपल्या परिसरातील घटनांनीच ते शिकविले आहे. २०२३ च्या नवरात्रात बोरिवलीच्या एका प्रसिद्ध गरब्याचे सुमारे हजार बनावट पास पोलिसांनी पकडले. ते छापणाऱ्यांत ग्राफिक डिझाइनचे काम जाणणारा इसम होता, आणि पासांबरोबर चकचकीत होलोग्रामही सापडले. ज्या होलोग्रामच्या भरवशावर संयोजक निश्चिंत राहातात, तो बाजारात विकत मिळतो. त्याच उत्सवाच्या निमित्ताने, स्वस्तात पास देतो असे सांगून दीडशेच्या आसपास तरुणांकडून पैसे गोळा करून पसार होण्याचाही प्रकार घडला. तेथे तर बनावट तिकीटही नव्हते, नुसता शब्द होता.

आगगाडीचे उदाहरण याहून बोलके आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात मध्य रेल्वेच्या वातानुकूलित लोकलमध्ये मोबाइलवर दाखविलेले मासिक पास बनावट असल्याचे तिकीट-तपासनिसांनी हेरले, आणि कल्याणच्या लोहमार्ग पोलिसांत गुन्हा दाखल झाला. पडद्यावरचे चित्र पाहून ‘ठीक आहे’ म्हणणारा तपासनीस असता तर असे पास अनेक महिने चालले असते. पासचा तपशील रेल्वेच्या नोंदीशी ताडून पाहिला गेला म्हणूनच खोटेपणा उघडा पडला. त्याआधी स्थानकांवर लावलेल्या स्थिर क्यूआर कोडांचीही अशीच कथा झाली होती. रेल्वेच्या यूटीएस या तिकीट-अ‍ॅपवर स्थानकाच्या आवारात तिकीट काढता यावे म्हणून ते लावलेले होते. काहींनी त्यांची छायाचित्रे जवळ बाळगली, आणि तपासनीस दिसताच गाडीत बसल्याबसल्या तिकीट काढण्याची युक्ती शोधली, तेव्हा रेल्वेला ते कोड मागे घेण्याचा विचार करावा लागला. जी खूण एकदा छापली गेली आणि कधीच बदलत नाही, ती सार्वजनिक झाली असे समजूनच योजना आखली पाहिजे, हा त्यातला धडा नाट्यगृहांनाही लागू आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी ३१८ वे आणि बनावट दस्तऐवजासाठी ३३६ वे कलम आहे, आणि इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजही त्यात येतो. मोबाइलवर पास ‘जुळवून’ घेणाऱ्या सुशिक्षित तरुणांना आपण हे गुन्हे करीत आहोत याची कल्पना नसते, असे मानण्यास मी तयार नाही.

दारावरची व्यवस्था म्हणजे एक मोबाइल आणि एक स्वयंसेवक, अशी पुष्कळांची समजूत आहे. प्रत्यक्षात प्रयोगापूर्वीच्या शेवटच्या वीस मिनिटांत शेकडो माणसे येतात. नाट्यगृहाच्या जाड भिंतींआड मोबाइलचे नेटवर्क लंगडते, मैदानावर हजारोंच्या गर्दीत ते जवळजवळ बंदच पडते, आणि मग दोन दारांवरची दोन यंत्रे मध्यवर्ती वहीशी न बोलता आपापल्यापुरती नोंद ठेवू लागतात. अशा वेळी एकच कोड पूर्वेच्या दाराने एकदा आणि पश्चिमेच्या दाराने एकदा निर्धास्त आत जातो. म्हणून यंत्रांना परस्परांशी जोडणारे स्थानिक वाय-फाय असावे. ते नसेल तर प्रत्येक दाराला ठराविक रांगाच नेमून द्याव्यात, म्हणजे एका आसनाचा कोड एकाच यंत्रापुढे येईल आणि नेटवर्क नसतानाही नक्कल पकडली जाईल. या साध्या तजविजीला खर्च जवळजवळ नाही. सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे रांग लांबली म्हणून कोणीतरी पदाधिकाऱ्याने ‘सोडा सगळ्यांना’ असे सांगणे, कारण त्या एका वाक्याने महिनाभराचे श्रम वाया जातात.

आणि लाल खूण आलीच, तर समोरचा माणूस चोर आहे असे गृहीत धरण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसऱ्यांदा आलेला तो बहुधा फसविला गेलेला असतो, आणि कित्येकदा खरा खरेदीदार तोच असतो, कारण नक्कल मिळविणारा लवकर येतो. त्याच्या नावावरील खरेदीचा संदेश, ज्या मोबाइल क्रमांकावरून खरेदी झाली तो क्रमांक, आणि पैसे गेल्याची नोंद यांची रुजुवात करून निर्णय देणारा एक जाणता माणूस दाराच्या बाजूला स्वतंत्र टेबलावर बसलेला असावा, आणि त्याच्या हाती दोनचार राखीव खुर्च्या असाव्यात. सुटीची एक संध्याकाळ, लहान मुलांना घातलेले नवे कपडे, कसाऱ्याकडून वा कर्जतकडून गाडी पकडून आलेली वृद्ध माणसे, यांना गर्दीपुढे अपमानित करून परत पाठविणे ही कला-संस्थेला न शोभणारी गोष्ट आहे.

सन्मानिकांचा विषय काढला की संयोजक अस्वस्थ होतात, परंतु तो टाळून हा लेख पुरा होणार नाही. पहिल्या आगगाडीपासून निमंत्रितांची प्रथा आहे, आणि नगरसेवक, देणगीदार, पोलीस ठाणे, वृत्तपत्रे, जाहिरातदार यांना मानाने बोलाविणे गैर नाही. परंतु सन्मानिका ही सहसा प्लॅनबाहेरची, छापखान्यातून गठ्ठ्याने आलेली, क्रमांक नसलेली वस्तू असते, आणि ‘पहिल्या चार रांगा राखीव’ या मोघम वाक्यावर तिचा सारा कारभार चालतो. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाची विनामूल्य प्रवेशिका एका निवासी संकुलाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडली की तासाभरात ती किती हातांत गेली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पहाटे पाचला आंघोळी करून, रांग लावून उभ्या राहिलेल्या माणसांना सभागृह भरल्याचे सांगावे लागते, आणि आत राखीव रांगा रिकाम्या दिसतात. ही फसवणूक नव्हे असे कोणी म्हणेल. ज्याला दारातून परत जावे लागले त्याला मात्र दोन्हींत फरक दिसत नाही. विकलेल्या तिकिटाइतकीच कठोर शिस्त फुकटच्या प्रवेशिकेला लागली पाहिजे. तिची किंमत शून्य लिहावी, पण आसन, कोड आणि ती ज्याला दिली त्याचे नाव वहीत चढवावे; प्रयोगाच्या पंधरा मिनिटे आधीपर्यंत निमंत्रित न आल्यास ते आसन मोकळे होईल असे तिच्यावरच छापावे, आणि तसे ते खरोखर मोकळे करावे.

बनावट तिकिटांहून निराळा आणि अधिक चिवट रोग काळ्याबाजाराचा आहे. ठाणे जिल्ह्यातीलच नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांनी त्याचे विराट दर्शन घडविले. २२ सप्टेंबर २०२४ रोजी विक्री उघडताच लाखो माणसे पडद्यावरच्या रांगेत उभी राहिली. १८ आणि १९ जानेवारीच्या जोडीला २१ तारखेचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला, तरी बहुसंख्य लोक रिकाम्या हातांनी परतले, आणि २,५०० ते ३५,००० रुपयांची तिकिटे पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांच्या भावाने झळकू लागली. बुक माय शोने वायागोगो आणि गिग्सबर्ग या संकेतस्थळांशी आपला संबंध नसल्याचे जाहीर करून पोलिसांत तक्रार दिली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्याच प्रमुखांना चौकशीसाठी बोलाविले. अंमलबजावणी संचालनालयाने ऑक्टोबरात अनेक शहरांत छापे घातले, आणि व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम व टेलिग्रामवरून बनावट तिकिटे विकली जात असल्याचे सांगितले. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. कायदा करणे हे विधिमंडळाचे आणि शासनाचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

न्यायालयाचे म्हणणे रास्तच आहे, आणि म्हणूनच शासनाचे मौन मला अधिक खटकते. रेल्वेच्या तिकिटांची दलाली १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४३ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणीही आवश्यक झाली. अमेरिकेने २०१६ साली स्वयंचलित संगणक-कार्यक्रमांकरवी तिकिटे उचलण्यास मनाई करणारा कायदा केला, आणि ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मूळ किमतीहून अधिक भावाने पुनर्विक्री करण्यावर बंदी आणण्याचा मनोदय जाहीर केला. नाटकाच्या दारात आधार मागावे असे मी मुळीच सुचवीत नाही. आनंदासाठी आलेल्या माणसाची ओळखपरेड होता कामा नये. त्यापेक्षा तिकीट परत घेण्याची सोय वहीतच ठेवावी. ज्याला येणे जमत नाही त्याने आपले तिकीट त्याच अ‍ॅपवर परत करावे, वहीने जुना कोड रद्द करून दुसऱ्या इच्छुकाला मूळ किमतीतच नवा कोड द्यावा, आणि पहिल्याचे पैसे त्याच्या खात्यात जावेत. ‘माझे एक तिकीट जास्त आहे’ असे समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्या शंभरांपैकी बहुतेक सज्जन असतात, परंतु उरलेल्या भामट्यांना आडोसा मिळतो तो त्या सज्जनांच्या गर्दीचाच. खऱ्यांना अधिकृत वाट मिळाली, तर खोटे उघड्यावर पडतात. तोपर्यंत अनोळखी माणसाकडून तिकिटाचे चित्र विकत घेऊ नये, आणि पैसे गेलेच तर शरमेने गप्प न बसता तत्क्षणी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठविता येणे हे त्या पहिल्या तासांवर अवलंबून असते.

कार्यक्रम संपल्यावर, खुर्च्यांवरची धूळ खाली बसण्याच्या आत, एक काम उरते, आणि आपल्याकडे ते क्वचितच केले जाते. किती आसने विकली, किती सन्मानाने दिली, किती माणसे दारातून आत गेली, आणि बँकेत किती रक्कम जमा झाली, या चार आकड्यांची रुजुवात घालून तफावत लिहून ठेवावी. दुसऱ्यांदा आलेले कोड कोणत्या विक्रेत्यामार्फत गेले होते हे तपासावे, म्हणजे पुढच्या वर्षी कोणती फट बुजवायची ते कळेल. एकट्यादुकट्या संयोजकाच्या सद्‌बुद्धीवर हे सोडण्याचे कारण नाही. चारही सभागृहे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांच्या हाती आहेत. तारखा त्यांच्याकडूनच मिळतात, आणि भाड्याच्या अटीही त्याच ठरवितात. ध्वनिक्षेपकाची वेळ, अनामत रक्कम, रंगमंचावरील नासधूस यांविषयीच्या कलमांबरोबर आणखी एक कलम त्या करारात घालता येईल: सर्व प्रवेशिका, विकलेल्या आणि विनामूल्य, एकाच नोंदवहीत असाव्यात, आणि प्रयोगानंतर सात दिवसांत त्या चार आकड्यांचा गोषवारा नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाकडे दाखल व्हावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, विधिमंडळाचे अधिवेशन लागत नाही. पुढच्या तिमाहीच्या तारखांचे वाटप होईल तेव्हापासून दोन्ही महापालिकांना ते अमलात आणता येईल.